धागा : 'विद्यार्थी' म्हणजे कोण? एका शहरातील तीन चळवळी

१. विद्यार्थी चळवळींचा इतिहास समाजमाध्यमांवर सांगण्याची एक ठरलेली रीत झाली आहे. एखादे जुने छायाचित्र, एखादी तारीख, काही नावे आणि शेवटी 'युवाशक्तीपुढे सत्ता झुकली' अशा अर्थाचे वाक्य. या रीतीबद्दल माझी तक्रार आहे. तिच्यात सांगितलेले बहुतेक खरे असते, पण ते इतके अपुरे असते की त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकतात. आजचा धागा त्याविषयी आहे. लांबला आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

२. उदाहरणासाठी एकच शहर घेतो : औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. (पुढे त्या त्या काळी प्रचलित असलेलेच नाव वापरले आहे.) चाळीस वर्षांच्या अवधीत मराठवाड्यातील विद्यार्थी तीनदा मोठ्या संख्येने रस्त्यावर आले, आणि तिन्ही वेळा हे शहर त्या घडामोडींच्या केंद्रस्थानी वा जवळपास होते. १९३८ साली निजामाच्या राजवटीविरुद्ध, १९७४ साली मुंबईच्या सरकारकडून होणाऱ्या उपेक्षेविरुद्ध आणि १९७८ साली विद्यापीठाच्या नावावरून. या तिसऱ्या वेळी विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते.

३. माझे म्हणणे थोडक्यात असे. 'विद्यार्थी चळवळ' या शब्दप्रयोगातील 'चळवळ' आपण फार बारकाईने वाचतो आणि 'विद्यार्थी' हा शब्द गृहीत धरतो. वस्तुतः पहिला प्रश्न तोच हवा : त्या वर्षी, त्या प्रदेशात, विद्यार्थी होणे कोणाला शक्य होते? हा प्रश्न विचारल्याशिवाय वरच्या तीन चळवळींचा परस्परसंबंध लागत नाही.

४. आधी १९३८. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे (औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद) हैदराबाद संस्थानात होते. उच्च शिक्षणाची वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून जात असे. १९१८ साली सुरू झालेले हे विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. इंग्रजी बाजूला सारून एका भारतीय भाषेत आधुनिक विद्या शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज ही मराठवाड्यातील मुलांसाठी या व्यवस्थेची जवळची पायरी होती.

५. १९३८ चे वर्ष संस्थानात आधीच तापलेले होते. सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली. ऑक्टोबरच्या अखेरीस सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही आंदोलन चालू होते. नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजातील वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्यास आरंभ केला. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थ्यांनी संप केला, आणि काही दिवसांतच ही ठिणगी हैदराबादच्या उस्मानिया वसतिगृहांपर्यंत व संस्थानातील इतर कॉलेजांपर्यंत पोहोचली.

६. पुढचा भाग सर्वपरिचित आहे. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडले आणि अनेक जण तिकडे गेले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीत होते. त्यांचे कायद्याचे शिक्षण नागपूरलाच झाले. पटावरून नाव जाणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. उर्दूतून शिकलेल्या मुलाने घर सोडून दुसऱ्या प्रांतात जायचे, इंग्रजीतून नव्याने अभ्यास करायचा आणि परतल्यावर संस्थानात नोकरी मिळण्याची आशा बहुधा सोडून द्यायची. हा त्याग खरा होता.

७. इथे दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली म्हणजे गीताचा वाद. हे गीत साऱ्यांना सारख्याच प्रेमाने स्वीकारता येत नाही, हे काँग्रेसला ठाऊक होते. म्हणूनच तिच्या कार्यकारिणीने १९३७ साली केवळ पहिली दोन कडवी गाण्याची शिफारस केली होती. औरंगाबादच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला त्या गीतात स्वातंत्र्य ऐकू येत असेल, तर शेजारच्या खोलीतील दुसऱ्याला काही वेगळेच. निजामाच्या निरंकुश सत्तेविरुद्धचा लढा न्याय्य होता, आणि तरीही हा भेद खरा होता. दोन्ही विधाने एकत्र धरून ठेवणे हेच इतिहास शिकणाऱ्याचे काम आहे.

८. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती त्याच जिल्ह्यात आणि त्याच हिवाळ्यात घडली. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली संस्थानातील अस्पृश्य समाजाची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे तिचे प्रमुख संघटक होते. मक्रणपूर परिषदेचा वर्धापनदिन आजही पाळला जातो.

९. आता या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. 'वंदे मातरम्' आंदोलन 'मुक्तिसंग्राम' या प्रकरणात येते, मक्रणपूर 'आंबेडकरी चळवळ' या प्रकरणात. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम काही आठवड्यांचे. पण एकीकडे कॉलेजातून काढून टाकलेली मुले होती, तर दुसरीकडे ज्यांच्या मुलांनी कॉलेजचे दारही पाहिले नव्हते असा समाज. पटावरून नाव काढले जाण्यासाठी ते आधी पटावर असावे लागते. १९३८ च्या विद्यार्थी चळवळीत दलित विद्यार्थी फारसे का आढळत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या देशप्रेमात शोधायचे नसते. शाळेच्या हजेरीपटात शोधायचे असते.

१०. हा हजेरीपट बदलला १९५० नंतर. पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे हे नाव. परिसराचे नाव नागसेनवन. उच्च शिक्षणासाठी त्यांनी मुंबईबरोबरच मराठवाड्यासारखा शिक्षणात मागे राहिलेला प्रदेशही निवडला, याला अर्थ आहे.

११. नागसेनवनातील वसतिगृहांमुळे खेड्यापाड्यांतून आलेला, घरात शिकलेली पहिलीच पिढी असलेला विद्यार्थी प्रथमच मोठ्या संख्येने शहरात राहू लागला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक याच वातावरणातले. पुढे गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिकही औरंगाबादेतूनच निघाले आणि दलित साहित्याचे मोठे व्यासपीठ ठरले. मोर्चा, संप, घेराव यांपैकी काहीही न करता वसतिगृहात राहून परीक्षा उत्तीर्ण होणे, ही त्या विद्यार्थ्यांची पहिली चळवळ होती. तिचे छायाचित्र निघत नाही, म्हणून ती आपल्या धाग्यांत येत नाही.

१२. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले. मराठवाड्याची अपेक्षा होती की मागासलेपणाचा अनुशेष आता भरून निघेल. पण रेल्वे मीटर गेजच राहिली, कारखाने मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच उभे राहिले, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या भीषण दुष्काळाने उरलीसुरली आशाही सुकली. पदव्या घेतलेले तरुण वाढत होते, नोकऱ्या मात्र वाढत नव्हत्या.

१३. या असंतोषाचा स्फोट म्हणजे १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन. ते विद्यार्थ्यांनी उभे केले. वसमत येथे झालेल्या गोळीबारात दोन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. मागण्या नोकऱ्या, उद्योग, रेल्वे व सिंचन यांविषयीच्या होत्या. पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेने हेच प्रश्न लावून धरले. १९८१ मध्ये औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी दांडेकर समिती नेमली गेली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. प्रादेशिक न्यायाच्या या दीर्घ लढ्यात १९७४ च्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

१४. इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे : अन्याय झाला, विद्यार्थी उठले, हळूहळू काही पदरात पडले. ती इथेच थांबवली तर 'युवाशक्ती'चे सुंदर भित्तिपत्रक तयार होईल. पण नंतरची चार वर्षे वगळल्याशिवाय ते भित्तिपत्रक पूर्ण होत नाही.

१५. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाचे नाव विद्यापीठाला असावे, असा तिचा साधा युक्तिवाद होता. दलित पँथर, युवक क्रांती दल आणि डाव्या विद्यार्थी संघटना तिच्या बाजूने होत्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला.

१६. ठरावानंतर मराठवाडा पेटला. विरोधाच्या आघाडीवरही विद्यार्थीच होते. बंद, रास्ता रोको, सरकारी मालमत्तेची नासधूस ही सारी साधने नुकतीच, १९७४ मध्ये, हाताशी आलेली होती. चार वर्षांपूर्वी 'मराठवाड्यावर अन्याय झाला' हे वाक्य रेल्वे आणि नोकऱ्यांसंबंधी उच्चारले जात होते; आता तेच वाक्य आंबेडकरांच्या नावाविरुद्ध उच्चारले गेले.

१७. आणि मग ते लोण शहराबाहेर गेले. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, कुटुंबे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. ज्यांची घरे जळाली त्यांपैकी फार थोड्यांचा विद्यापीठाशी प्रत्यक्ष संबंध होता. शहरातील विद्यार्थ्यांच्या घोषणेची किंमत गावातील शेतमजुराने मोजली. त्यामागे विद्यापीठाच्या पाटीहून जुने हिशेब होते : गावकीची कामे नाकारणारा, मुलाला शिकवणारा, शिष्यवृत्तीवर कॉलेजात पाठवणारा दलित अनेकांच्या डोळ्यांत खुपत होता. नामांतर हे निमित्त झाले.

१८. इथे एका व्यक्तीचा उल्लेख अपरिहार्य आहे : गोविंदभाई श्रॉफ. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अग्रणी, १९३८ च्या विद्यार्थ्यांचे औरंगाबादेतील मार्गदर्शक, आणि पुढे मराठवाड्याच्या विकासलढ्याचे नेते. त्यांनी नामांतराला विरोध केला. दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव हेही मुक्तिसंग्रामातले सेनानी आणि तेही त्याच भूमिकेचे. 'मराठवाडा' या नावात निजामाविरुद्धच्या लढ्याची स्मृती आहे, ते पुसले जाऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९. या दोघांना जातीयवादी म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि त्यांच्या त्यागामुळे त्यांच्या भूमिकेवर बोलायचेच नाही, हेही तितकेच सोपे. मला दोन्ही पर्याय आळशी वाटतात. त्यांची स्मृती खरी होती, पण ती साऱ्या मराठवाड्याची स्मृती नव्हती. ज्यांच्या आजोबांना १९३८ मध्ये मक्रणपूरला जावे लागले, त्यांच्या लेखी 'मराठवाडा' या शब्दात स्वातंत्र्याबरोबर वेठबिगारही होती. १९३८ ची दोन प्रकरणे वेगवेगळी वाचली गेली, त्याचा परिणाम चाळीस वर्षांनी दिसला, असे माझे मत आहे.

२०. नामांतराच्या बाजूचा लढा ठरावानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला, कारण ठराव कागदावरच राहिला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंगवास झाले. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. आंबेडकर आले आणि मराठवाडाही राहिला, म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. एवढ्या साध्या तोडग्यापर्यंत पोहोचायला सोळा वर्षे लागली. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले.

२१. आता मूळ मुद्द्याकडे. विद्यार्थी चळवळीचा इतिहास शिकताना आपण नकळत असे धरून चालतो की विद्यार्थी म्हणजे निःस्वार्थ, आणि निःस्वार्थ म्हणजे न्यायाच्या बाजूचा. १९७८ चे औरंगाबाद हे गृहीतक मोडून काढते. तारुण्य ही नैतिक पात्रता नाही. तरुणांकडे उत्साह, वेळ आणि एकत्र राहण्याची जागा असते. या तीन गोष्टी कोणत्याही कारणासाठी वापरता येतात. कारण न्याय्य आहे की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

२२. यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. अशी चिरफाड केली तर तरुणांना प्रेरणा कुठून मिळणार? सरकारे विद्यार्थ्यांना 'आधी अभ्यास करा' असे सुनावण्यास टपलेलीच असतात. त्यात आपणही भर का घालायची? माझे उत्तर असे : १९३८ मध्ये घर सोडून नागपूरला गेलेल्या मुलाचा आदर करण्यासाठी १९७८ लपवण्याची गरज नाही. ज्या प्रेरणेला लपवाछपवी लागते ती पहिल्याच अवघड प्रश्नापाशी ढासळते. शिवाय नामांतरासाठी सोळा वर्षे लढलेले विद्यार्थीही याच इतिहासात आहेत. चुकीच्या बाजूला उभे राहिलेले विद्यार्थी लपवले, की समोर उभे राहिलेल्यांचे धैर्यही दिसेनासे होते.

२३. साधनांविषयीही सावध असावे. १९७८ चा अभ्यास करणारा विद्यार्थी स्वाभाविकपणे वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांकडे वळतो. पण त्या वेळचे प्रदेशातील प्रमुख मराठी दैनिक स्वतःच या वादात एक पक्ष होते. दुसऱ्या पक्षाकडे मुद्रणालये कमी होती. त्यांचा इतिहास पत्रके, अनियतकालिके, जलशांतील गाणी, कोर्टाचे कागद आणि माणसांच्या आठवणी यांत विखुरला आहे. जे सहज सापडते तेवढ्यावर इतिहास लिहिला, तर तो ज्यांच्याकडे छापखाना होता त्यांचाच होणार.

२४. म्हणून कोणतीही विद्यार्थी चळवळ वाचताना पुढील चार प्रश्न सोबत ठेवावेत, असे मला वाटते.
• त्या वर्षी पटावर कोण होते, आणि कोण नव्हते?
• चळवळ जिथे उसळली तिथेच तिची किंमत मोजली गेली, की दुसरीकडे कोणीतरी ती मोजली?
• त्याच सुमारास, त्याच परिसरात, दुसऱ्या प्रकरणात टाकलेली कोणती घटना घडत होती?
• आपल्यापर्यंत ही गोष्ट कोणी पोहोचवली, आणि तो त्या वादात कुठे उभा होता?

२५. हे प्रश्न मराठवाड्यापुरते नाहीत. आपापल्या महाविद्यालयावर ते लावून पाहावेत. बहुतेक जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयात वार्षिकांकांचे गठ्ठे धूळ खात पडलेले असतात. त्यांतील विद्यार्थ्यांच्या याद्या, वसतिगृहांचे अहवाल, संपाबद्दल प्राचार्यांनी दोन ओळींत व्यक्त केलेली नाराजी, या साऱ्यांतून पुष्कळ काही हाती लागते. मुलींची नावे कोणत्या वर्षापासून दिसू लागतात, आणि कोणती आडनावे कधी येतात, एवढे जरी पाहिले तरी एका संशोधनाचा आरंभ होईल.

२६. मराठवाड्यात दोन दिवस मोठ्या उत्साहाने साजरे होतात : १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आणि १४ जानेवारीचा नामविस्तार दिन. पहिल्या दिवशी ध्वजवंदन असते. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराला अभिवादन करण्यासाठी गावोगावाहून माणसे येतात. या दोन दिवसांचा इतिहास एकाच पुस्तकात, एकमेकांना लागून असलेल्या पानांवर शिकवला गेला पाहिजे, इतकीच माझी मागणी आहे.

२७. धागा इथे संपवतो. आपल्या शहरातील वा महाविद्यालयातील अशी एखादी विसरलेली घटना ठाऊक असेल तर वर्ष आणि साधन यांसह खाली लिहावी. मतभेद असतील तर तेही अवश्य मांडावेत. या विषयावर मतभेद नसते तर सोळा वर्षे लागली नसती. धागा उपयुक्त वाटल्यास इतिहास शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत पोहोचवावा.